पश्चिममुखी ३०×५०: नकाशा पक्का करण्याआधी काय हलवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला बिचोली मर्दानाच्या बाजूला ३०×५० चा पश्चिममुखी प्लॉट. रामबागेतलं जुनं घर सोडून सहा माणसं तिथे राहायला जाणार: सासू-सासरे, नवरा-बायको आणि शाळेतली दोन मुलं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. समोर १० फूट, मागे ५ आणि दक्षिणेला ५ फूट एमओएस (म्हणजे नियमाने मोकळी सोडायची जागा) सोडलं की बांधायला २५×३५ उरतात. उत्तरेला शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. आर्किटेक्टने खाली १३×१८ चा हॉल, ८×१० चं स्वयंपाकघर, नैऋत्येला सासू-सासऱ्यांची खोली आणि वर तीन अटॅच बेडरूम काढल्या आहेत. ताईंनी विचारलंय: खोल्या आणखी मोठ्या होतील का, नकाशा पास करायला देण्याआधी काय बदलून घ्यावं, आणि सासऱ्यांचा सागवानी झोपाळा कुठे बसेल?

ताई, खोल्या मोठ्या करण्याचा नाद सोडा. ८७५ चौरस फुटांत भिंती धरून जेवढं बसतं तेवढं आर्किटेक्टने बसवलंय. कमी पडतंय ते दुसरंच. जिना, संडास-बाथरूम आणि दारं या तीन गोष्टी एकदा बांधल्या की हलत नाहीत, आणि तुमच्या नकाशात नेमक्या त्याच शेवटी उरलेल्या जागेत कोंबल्यासारख्या दिसतात. या तिघांच्या जागा आधी ठरवा. खोल्या त्यांच्याभोवती आपोआप बसतात.

तुमच्या हॉलचंच बघा. १३×१८ ऐकायला ऐसपैस वाटतो. पण त्यात पाच दारं उघडतात: मुख्य दार, आई-बाबांची (म्हणजे सासू-सासऱ्यांची) खोली, कॉमन टॉयलेट, स्वयंपाकघर आणि जिना. नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलने या पाच दारांना जोडणाऱ्या रेघा मारा. माणूस रोज ज्या वाटेने जाणार ती तीन फूट रुंद धरा आणि तेवढा भाग रेघोट्यांनी काळा करा. उरलेल्या पांढऱ्या जागेत सोफा ठेवून बघा. एकही सलग सात फुटांची भिंत मिळत नाही, टीव्हीसमोरूनच स्वयंपाकघराची ये-जा होते आणि पाहुणा बसलेला असताना टॉयलेटचं दार थेट त्याच्या तोंडासमोर उघडतं. हा हॉल नावाचा हॉल आहे. काम करतोय तो बोळाचं.

आता जिना. तो उत्तरेच्या आंधळ्या भिंतीला लावलाय आणि पायऱ्या मोजल्या तर १७ भरतात. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. भागिले १७ केले की एक पायरी जवळजवळ साडेसात इंचांची. सासरे पहिल्या वर्षी नातवंडांच्या हौसेने चढतील, नंतर वर जाणं सोडून देतील. वीस पायऱ्या घ्या, प्रत्येक ६.३ इंच उंच, पाऊल ठेवायला साडेदहा इंच. दहा-दहाचे दोन टप्पे होतात आणि मधला लँडिंग धरून लांबी सव्वाअकरा फुटांच्या आसपास जाते. हे वाढीव दोन-अडीच फूट कुठून आणायचे, तर जिना जागेवरून उचलूनच.

माझं मत असं की जिना पुढे, पश्चिमेच्या भिंतीला आडवा घ्या. म्हणजे रस्त्याच्या बाजूला उत्तरेकडे १० फूट रुंद आणि ८ फूट खोल पोर्च. समोरच्या दहा फुटांत मिळून गाडीला १८ फूट मिळतात, ते पुरेत. पोर्चच्या दक्षिणेला १३ फूट लांब, ७ फूट खोल जिना. जिन्याची सुरुवात हॉलमधून करू नका. मुख्य दारातून आत आल्यावर चार फुटांची एक छोटी जागा सोडा, तिथून समोर हॉल आणि बाजूला जिना. आज सगळं एकच घर. उद्या मुलगा लग्न होऊन वर वेगळा राहिला किंवा वरचा मजला भाड्याने द्यायची वेळ आली, तर त्या चार फुटांत एक दार बसवलं की काम झालं. नाहीतर भाडेकरू तुमच्या हॉलमधून वर जाणार. इंदूरच्या उत्तरेला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी आखलेली अरण्य वसाहत आहे, तिला १९९५ साली वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तिथे बहुतेकांना जोतं आणि संडास-मोरीचा गाभा एवढंच बांधून दिलं होतं, बाकीचं घर ज्याने त्याने पैसे येतील तसं वाढवलं. बजेट कितीही असो, घर पुढे वाढणार हे धरून आखायचं, ही गोष्ट तिथून उचलण्यासारखी आहे. अजून पाहिली नसेल तर एका रविवारी चक्कर मारून या, आणि जिने आणि ओटे कुठे ठेवलेत ते बघा.

जिना पश्चिमेला घेण्याचं दुसरं कारण ऊन, आणि माझ्या लेखी तेच मोठं. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. नऊ इंची विटांची भिंत दुपारी तापायला लागली की ती उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात. म्हणजे पश्चिमेच्या खोलीत सगळ्यात जास्त उकडतं ते रात्री नऊ-दहाला, म्हातारी माणसं आडवी होतात तेव्हा. बाहेर मात्र तोवर माळव्याची गार हवा सुटलेली असते, जिचं आपण जन्मभर कौतुक ऐकतो. तुमच्या नकाशात आई-बाबांची खोली नैऋत्येला, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून आहे. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा दाखवलाय, पण मेमध्ये संध्याकाळी पाच वाजता सूर्य साधारण २७ अंशांवर असतो आणि दोन फुटांचा छज्जा तेव्हा खिडकीचा वरचा एक फूटच झाकतो. खालचे तीन फूट उन्हात. पश्चिमेला आडवा छज्जा म्हणजे मनाचं समाधान. तिथे उभ्या फिन (भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), जाळी, पोर्च किंवा जिना, असं काहीतरी मध्ये उभं करावं लागतं. जिन्यात कोणी झोपत नाही, तो तापला तर तापू दे.

दक्षिणेचं उलट आहे. लोक दक्षिणेला घाबरतात, पण इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दीड-दोन फुटांच्या छज्जाने खिडकी पूर्ण सावलीत येते. डिसेंबरमध्ये तो दुपारी ४४ अंशांवर उतरतो आणि ऊन छज्जाखालून खोलीत येतं, जे थंडीत हवंच असतं. म्हणून आई-बाबांची खोली जिन्याच्या मागे, दक्षिणेच्या पट्टीत घ्या: ११ फूट रुंद, १२ फूट लांब, खिडकी दक्षिणेच्या पाच फुटी मोकळ्या जागेकडे. तिच्या मागे पाच फुटांची पट्टी बाथरूमला आणि त्यामागे आग्नेयेला साडेआठ बाय अकराचं स्वयंपाकघर. उत्तरेच्या बाजूला पोर्चमागे हॉल, हॉलमागे जेवणाची जागा, मध्ये भिंत नाही, मिळून १२×२५. ईशान्येला, जेवणाच्या जागेत, देवघर. सासूबाईंनी किंवा गुरुजींनी वास्तूचं विचारलं तर जिना नैऋत्येला, स्वयंपाक आग्नेयेला आणि देव ईशान्येला असं सांगता येईल. सहसा एवढ्यावर भागतं. स्वयंपाकघर आणि बाथरूमची भिंत एक आहे म्हणून कोणी नाक मुरडलं, तर त्या भिंतीला ओटा लावू नका, कपाट लावा. पाण्याचे सगळे नळ एका पट्टीत आले की गळती शोधायला अर्धं घर फोडावं लागत नाही, हा फायदा मोठा आहे.

आई-बाबांच्या बाथरूमवर थोडा जास्त वेळ घालवतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. नकाशात ते ४×७ आहे, दार आत उघडतं आणि आत उतरायला तीन इंचांची पायरी आहे. समजा रात्री कोणी आत घसरून दाराला टेकून पडलं, तर बाहेरून दार उघडणार कसं? दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. चौकट सव्वातीन फुटांची धरा, म्हणजे मोकळे पावणेतीन फूट तरी मिळतात आणि पुढेमागे वॉकर किंवा व्हीलचेअर आली तरी अडत नाही. पाच फूट रुंदी मी उगाच म्हणत नाहीये, व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. आतली फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा इंचच खाली ठेवा आणि उतार नीट काढा. त्यासाठी बाथरूमचा स्लॅब आधीपासून खाली घ्यावा लागतो, हे इंजिनिअरला आजच सांगा. कमोडच्या बाजूला आणि नहाणीच्या जागी धरायला स्टीलचे दांडे. ते आज लावले नाहीत तरी चालेल, पण तिथली भिंत पक्क्या विटांची हवी, पोकळ पार्टिशन नको. बाथरूमची लांबी आठ फूट ठेवा आणि पट्टीतले उरलेले तीन फूट जेवणाच्या जागेकडे उघडे ठेवून तिथे वॉशबेसिन बसवा. जेवून उठलेल्या माणसाला हात धुवायला कोणाच्या खोलीत शिरावं लागत नाही.

एका बाथरूमला दोन दारं, एक खोलीतून आणि एक बाहेरून, असं सुचवणारे भेटतील. नका करू. आतून कडी काढायला विसरलेला पाहुणा आणि बाहेर ताटकळणारे सासरे, असा प्रसंग महिन्यातून एकदा ठरलेला.

मग पाहुण्यांचं काय, तर जिन्याखाली. सहसा जिन्याखालचं टॉयलेट डोकं आपटणारं होतं, पण इथे जोत्याची उंची कामी येते. लँडिंग घरातल्या फरशीपासून सव्वापाच फुटांवर आहे. जोतं अडीच फूट धरलं आणि या टॉयलेटची फरशी पोर्चच्या पातळीला ठेवली, तर पावणेआठ फूट होतात, स्लॅबची जाडी वजा करून सव्वासात. दार पोर्चमधून, खिडकी पश्चिमेला. कामवाली बाई, ड्रायव्हर, कॉलनीतले खेळून आलेले मुलांचे मित्र, सगळ्यांची सोय झाली आणि हॉलमधलं एक दार कमी झालं.

जोतं अडीच फूट का, तर आपल्याकडे रस्त्यावर रस्ता चढत जातो आणि काही वर्षांनी अंगण रस्त्याच्या खाली जातं. काळी माती किती खोल आहे ते खड्डा घेऊन बघा, पाया मुरुमापर्यंत गेलाच पाहिजे. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पोर्चच्या आणि अंगणाच्या फरशीखालचीही ती काढून मुरूम भरा, ठेकेदार हे टाळतात.

१२×२५ च्या लांब जागेत एक अडचण आहे, ती लपवत नाही. उत्तरेची भिंत बंद, पश्चिमेला पोर्चची सावली, त्यामुळे उजेड मुख्यतः पूर्वेकडूनच येणार आणि मधला भाग दुपारीही दिवा मागेल. उपाय जुन्याच घरातून घ्या. रामबागेत चौक होता ना? तसा पूर्ण चौक इथे परवडणार नाही, पण हॉल आणि जेवणाच्या जागेच्या सांध्यावर, उत्तरेच्या भिंतीलगत ३×६ चा उभा झरोका गच्चीपर्यंत न्या. वर काच, काचेच्या खाली चारी बाजूंनी जाळीच्या झडपा. गरम हवा वर निघून जाते, पश्चिमेच्या दारातून आलेला वारा आत खेचला जातो. वरच्या मजल्यावरचे अठरा चौरस फूट त्यात जातात आणि कबुतरांसाठी जाळी बारीक लागते. तरी मी तो घेईनच. गच्चीच्या पातळीवर लोखंडी ग्रील मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

स्वयंपाकघरात मापांपेक्षा सवयींची यादी जास्त कामाची. तुमच्याकडे वर्षाचा गहू एकदम भरत असाल तर कोठ्या कुठे? नकाशात जागाच नाही. ओट्याखाली चालत नाही, ओल लागते. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे तीच बाथरूमची भिंत, दोन फूट खोल बंद कपाट घ्या, फरशीपासून चार इंच उचललेलं. कोठ्या, लोणच्याच्या बरण्या आणि दिवाळीची मोठी पातेली त्यात जातात. ओटा पूर्वेच्या खिडकीखाली आठ फूट आणि दक्षिणेला वळवून पुढे. पूर्वेच्या भिंतीच्या उत्तर टोकाला अडीच फुटांचं दार, मागच्या पाच फुटांत भांडी घासायची चौकडी आणि वॉशिंग मशिन. गॅस खिडकीच्या बरोबर खाली नको, ज्योत हलते. ओट्याची उंची ठेकेदाराच्या अंदाजाने होऊ देऊ नका; रोज स्वयंपाक जी करते तिच्या वाकवलेल्या कोपरापासून चार इंच खाली. सासूबाई आणि तुमच्या उंचीत फरक असेल, तर पोळ्या लाटायचा भाग तेवढा वेगळ्या उंचीवर घ्या.

पाणी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं हे धरूनच हौद काढा. सहा माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला ८१० लिटर. एखादा फेरा चुकला तर चार दिवस काढायला सव्वातीन हजार. आतून ५×६ आणि पाच फूट खोल हौदात सव्वाचार हजार लिटर राहतात, तेवढा पुरे. नळाची लाइन पश्चिमेच्या रस्त्यावरून येते, हौदही तिथेच, पोर्चखाली. झाकण गाडीच्या चाकाखाली येणार नाही असं आखा आणि ड्रेनेजचा चेंबर दुसऱ्या टोकाला. ईशान्येला पाणी हवं म्हणून हौद मागे नेणारी घरं बघतो, मग पाण्याचा दाब मागेपर्यंत पोचत नाही आणि मोटर खेचत बसते. गच्चीचं पावसाचं पाणी बोरिंगला जोडा. तुमच्या छपराचे ८१ चौरस मीटर आणि इथला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस धरला, तर वाया जाणारं वजा करूनही वर्षाला साठ हजार लिटर जमिनीत जातात. पाइपच्या जागा आत्ताच नकाशात दाखवून घ्या. आणि गेटच्या आत दोन बाय चार फूट कचऱ्याच्या डब्यांसाठी, कारण इंदुरात सहा प्रकारचा कचरा वेगळा द्यायचा आणि ते डबे पोर्चमध्ये पायात यायला लागले की गृहिणीचं डोकं फिरतं.

वरच्या मजल्याचं लवकर सांगून टाकतो. तीन बेडरूम ठेवा, बाथरूम दोनच. एक खालच्या बाथरूमच्या बरोबर वर, दुसरं पोर्चच्या डोक्यावर वायव्येला, त्याचा पाइप पोर्चच्या कोपऱ्यातून खाली उतरतो. स्वयंपाकघराच्या आणि देवघराच्या वर बाथरूम नको, वास्तूपेक्षा गळतीच्या भीतीने सांगतोय. तिसऱ्या बाथरूमची वाचलेली जागा मुलांच्या अभ्यासाला द्या. प्रत्येक खोलीत पलंग, कपाट आणि दाराची उघडझाप मापाने काढायला लावा: पलंग सहा बाय साडेसहा, दोन्ही बाजूंना अडीच फूट, कपाट दोन फूट खोल आणि त्याचं दार उघडायला समोर आणखी दोन. १०×१० च्या बेडरूममध्ये हे सगळं बसत नाही, हे कागदावरच कळेल.

आर्किटेक्टकडे जाताना "हॉल मोठा करा" म्हणू नका. रेघोट्या मारलेली ती झेरॉक्स न्या आणि वरची मांडणी त्यांच्यासमोर ठेवा. एमओएसचे आकडे तुमच्या कॉलनीच्या मंजूर लेआउटशी त्यांच्याकडून एकदा ताडून घ्या. जिना हलला की कॉलम हलतात, म्हणून स्ट्रक्चरचं ड्रॉइंग निघण्याआधी हे बोलणं व्हायला हवं. नवा नकाशा हातात आला की प्लॉटवर चुन्याने खऱ्या मापात रेघा मारा आणि सासऱ्यांना त्यांच्या खोलीतून बाथरूमपर्यंत आणि तिथून देवघरापर्यंत चालवून बघा. उघड्या जमिनीवर खोल्या लहानच वाटतात, त्याने घाबरू नका. बघायचं ते वाटेत किती वळावं लागतं एवढंच.

राहिला झोपाळा. पाच फूट लांब पाट असेल तर रुंदीला सहा फूट, पुढे तीन आणि मागे अडीच फूट मोकळी जागा लागते. झरोक्याच्या शेजारी, हॉल आणि जेवणाच्या सांध्यावर, पूर्वेकडे तोंड करून तो बसतो. उजेड येतो, स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोलता येतं आणि मान वळवली की सासऱ्यांना गेटवर कोण आलं तेही कळतं. मात्र कड्या नंतर ड्रिल करून बसवायच्या नाहीत. झरोक्याच्या कडेला तसाही बीम येणारच आहे. स्लॅब भरण्याआधी २० मिलिमीटरच्या सळईचे हुक त्या बीमच्या सळयांत अडकवून बांधून घ्या, दोन हुकांमधलं अंतर जुन्या झोपाळ्याच्या कड्या मोजून ठरवा, आणि भरणीच्या दिवशी कोणीतरी तिथे उभं राहून ते हुक जागेवर आहेत ना ते बघा.